नावाडी मेला, असं मी लिहिलं

पुस्तक आलं तेव्हा ही घरी नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यानं माझा गुन्हा तसूभरही कमी होत नाही, हे मला कळतं. पण विमा कंपनीच्या दावे विभागात बावीस वर्षं काढली की, घटनेच्या वेळी कोण कुठे होतं हे आधी लिहायची खोड लागते. तर, ही तिच्या बँकेच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होती. घरात मी होतो आणि माझे सासरे होते.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्यात डोळ्यांची पार वाट लागली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं महिन्याभरानं व्हायचं होतं. नीट दिसेनासं झाल्यापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, ते आमच्याकडेच राहत होते. जाताना हिनं मला दोन कामं सांगितली. एक, सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे. दोन, वाचनालयातून ‘सोळा वेशींचं राज्य’चा पाचवा खंड आला की रोज संध्याकाळी त्यांना वीस-पंचवीस पानं वाचून दाखवायची.

“थेंब विसरलात तर बाबाच आठवण करतील,” दारातून निघताना ही म्हणाली. “पुस्तकाचं तेवढं तुम्ही लक्षात ठेवा.”

या राज्याला सोळा वेशी आहेत. प्रत्येक वेशीला एक राजा, प्रत्येक राजाला तीन मुलगे आणि प्रत्येक मुलाला एकेक जुना राग. शिवाय आग ओकणारी पाखरं आहेत, बोलणारा डोंगर आहे आणि एक राणी आहे, जी रागावली की तळी गोठतात. मला अशा पुस्तकांत एकच अडचण येते. कुणी मेलं की मला मृत्यूचा दाखला मागावासा वाटतो. त्यामुळे हिनं दीड वर्षात बाबांना चार खंड वाचून दाखवले, तेव्हा मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

सासरे मात्र त्या राज्याचे रहिवासी झाले होते. आयुष्यभर घड्याळाच्या सुट्या भागांच्या यादीपलीकडे ज्यांनी काही वाचलं नाही, ते चहा पिताना अचानक म्हणायचे, “त्या धाकट्या राजपुत्राला कुणीतरी एकदा सणसणीत लावून द्यायला हवी.” त्यांचा खरा जीव मात्र होता एका म्हाताऱ्या नावाड्यावर. हा नावाडी राजांनाही पलीकडे नेऊन सोडतो आणि चोरांनाही, आणि कुणाला काही विचारत नाही. चौथ्या खंडाच्या शेवटी तो वादळात सापडला होता आणि लेखकानं त्याला तिथंच भर नदीत सोडून दिलं होतं.

“होडी सोडली नसेल त्यानं,” सासरे म्हणायचे. “हातातलं काम टाकून जाणारा माणूस नव्हे तो.”

मंगळवारी वाचनालयातून ग्रंथपालबाईंचा फोन आला. खंड आलाय, प्रत एकच आहे, तुमच्यामागे चाळीस जण रांगेत आहेत, बरोबर सात दिवसांनी परत हवा. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन तो घेऊन आलो. नऊशे चौदा पानं होती. कार्यालयाच्या जिन्यावर शिपायानं विचारलं, “साहेब, वीट कुठे नेताय?”

त्या संध्याकाळी कार्यालयात कॅरमचे सामने सुरू झाले. मी दुहेरीत होतो. खंड टेबलाच्या खालच्या खणात ठेवला, सामना जिंकला आणि घरी उशिरा पोचलो. सासरे खुर्चीत ताठ बसले होते. थेंबांसाठी मान मागे टाकता टाकता त्यांनी विचारलं, “पुस्तक आलं का हो?”

“नाही अजून,” मी म्हणालो.

मी हे ठरवून म्हणालो नाही. मी दमलो होतो, पंचवीस पानं डोळ्यांपुढे उभी राहिली आणि तोंडानं परस्पर निर्णय घेऊन टाकला. उद्या ‘आजच आलं’ म्हणून सांगू, असा माझा हिशेब होता. पण बुधवारी उपांत्य फेरी होती. गुरुवारी जोडीदाराचं बोट दुखावलं आणि त्याला धीर द्यायला थांबावं लागलं. शुक्रवारपर्यंत असं झालं की, पुस्तक बाहेर काढलं तर त्याच्या पहिल्या पानावरचा तारखेचा शिक्का बाहेर येणार. सासऱ्यांना तो दिसला नसता. हिला दिसला असता.

रोज संध्याकाळी ते विचारायचे आणि रोज मी म्हणायचो, “नाही अजून.” चौथ्या दिवशी ते हसून म्हणाले, “त्या बाईंना म्हणावं, म्हातारा थांबलाय.” सहाव्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. नुसती मान मागे टाकली. माझ्या हातून दोन थेंब गालावर पडले, ते त्यांनी मुकाट्यानं पुसले.

अंतिम सामना आम्ही हरलो, हे जाता जाता सांगतो. कुणाला बरं वाटणार असेल तर वाटो.

पुढच्या मंगळवारी खंड परत करायला गेलो, तर तिथे नवा नियम लागलेला. रांगेतली पुस्तकं अभिप्राय लिहिल्याशिवाय जमा करून घेतली जाणार नाहीत. अभिप्राय किमान दहा ओळींचा हवा, सुवाच्य हवा आणि खाली सही हवी. न लिहिणाऱ्याचं नाव सूचनाफलकावर लागेल.

“दहाच ओळी आहेत,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “वाचलंय त्याला दहा ओळींचं काय एवढं?”

त्या प्रश्नात खोच होती की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वही घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसलो आणि खंड शेवटाकडून उघडला. आठशे सत्त्याण्णवावं पान निघालं. त्याच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं, ‘पहाटे नावाड्याचं प्रेत तिसऱ्या वेशीच्या घाटाला लागलं.’ मला हायसं वाटलं, हे लिहिताना आज हात जड होतो. पण त्या क्षणी मला खरंच हायसं वाटलं. मृत्यू हा माझ्या खात्यातला विषय. मी पेन काढलं.

‘प्रस्तुत खंडाची बारकाईने छाननी केली असता,’ मी लिहिलं, ‘असे आढळून येते की नावाड्याचा मृत्यू सर्वस्वी अनावश्यक असून त्यास कोणतेही सबळ कारण जोडलेले नाही. चार खंड ज्याच्यावर वाचकांनी जीव लावला, त्याची अशी परस्पर विल्हेवाट लावणे ही लेखकाने केलेली उघड फसवणूक आहे.’ असं करत करत चौदा ओळी झाल्या. मागणीपेक्षा चार जास्त. सही ऐटीत केली.

ग्रंथपालबाईंनी उभ्या उभ्या ते वाचलं. मग चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. “पूर्ण वाचलंत?”

“अक्षरन् अक्षर.”

“बरं,” त्या म्हणाल्या. दावा फेटाळताना मीसुद्धा इतकं थोडक्यात आटोपत नाही.

बुधवारी सकाळी दाढ दाखवायला आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. खुर्चीत आडवा झालो, दिवा डोळ्यांवर आला आणि दिव्याच्या मागून डॉक्टरांचा आवाज आला. “रांगेत माझा सतरावा नंबर आहे. चार महिने झाले. काल अभिप्रायाच्या वहीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला.”

मी म्हणालो, “कसला फोटो?”

“तोंड उघडा,” ते म्हणाले. “तसं तुम्ही बरंच उघडलंय.”

त्यांनी दाढ फार काळजीपूर्वक तपासली. जिथे दुखत नव्हतं तिथेही तपासली.

दिवसभरात मला नऊ फोन आले. पाच जणांनी शेवट फोडला म्हणून शिव्या घातल्या. चार जणांनी मात्र अभिनंदन केलं. लेखक आता थकलाय, पाचव्या खंडात दम नाही, हे आम्हाला वाटतच होतं. बोलायची हिंमत तुम्ही दाखवलीत. या चौघांपैकी एकाच्याही हाताला तो खंड लागलेला नव्हता. त्यामुळे आमची मतं तंतोतंत जुळली.

आणि कबूल करतो, संध्याकाळपर्यंत मला ते आवडायला लागलं होतं. बावीस वर्षं मी अभिप्राय लिहितोय, पण मृतांच्या नातेवाइकांखेरीज ते कुणी वाचले नव्हते. घरी येताना जिन्यातल्या आरशात मी जरा उभा राहिलो. विचारवंतासारखी मान कलती करून पाहिली. बरी दिसत होती.

थेंब घालून झाले होते, एवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. वाचनालयाची चर्चासत्रं तेच भरवतात. वर्गाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची त्यांची सवय निवृत्त झालेली नाही. “अभिनंदन! रविवारी पाचव्या खंडावर चर्चा ठेवलीय आणि प्रमुख वक्ते तुम्ही! नावाड्याच्या मृत्यूबद्दल काय लिहिलंत हो! मी शब्दन् शब्द सहमत आहे!”

मी दोन्ही हातांनी त्यांना गप्प राहायच्या खुणा करत होतो. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय. “नाही नाही, यावंच लागेल!” असं म्हणून ते निघून गेले.

सासरे खुर्चीत मान मागे टाकूनच बसले होते. डोळे मिटलेले होते. त्यांनी विचारलं, “कधी?”

“मंगळवारी,” मी म्हणालो. “मागच्या मंगळवारी आलं. पण काय झालं की…”

“मी नावाड्याचं विचारत होतो,” ते म्हणाले.

मी हातातल्या थेंबांच्या बाटलीचं झाकण लावत राहिलो. ते आधीच लागलेलं होतं.

“असू द्या,” सासरे म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत गेले. ते ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे कारणं तयार होती.

गुरुवारी ही आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, “खंड आला ना? कुठवर आलात?” सासऱ्यांनी आतूनच सांगितलं, “मला नको आता तो. नावाडी गेला.” मग हिनं माझ्याकडे बघितलं आणि मी सगळं सांगितलं. कॅरमसकट.

“सात दिवस?” ही म्हणाली.

“हो.”

“आणि ते रोज विचारायचे?”

“सहाव्या दिवसापासून नाही.”

ही बॅग उचलून आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी फक्त घरकामापुरतं बोलली, आणि नेमकं त्या दिवशी घरकाम फारसं नव्हतं.

शुक्रवारी मी वाचनालयात जाऊन अभिप्राय मागे घ्यायचाय म्हणून सांगितलं. ग्रंथपालबाईंनी छापील अर्ज पुढे केला. अर्ज समितीकडे जाणार, समिती महिन्यातून एकदा बसणार आणि मागे घेण्याचं कारण स्पष्ट शब्दांत लिहायचं. समोरच्या माणसाकडून कारण लिहून घ्यायचं, ही युक्ती मी स्वतः हजार वेळा वापरलेली आहे. ती एवढी बोचते, हे माहीत नव्हतं.

“कारण काय लिहू?” मी विचारलं.

“खरं तेच,” त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “पान उलटलं असतंत तर बरं झालं असतं हो. प्रेत नावाड्याचं नाहीये. त्याचा कोट घालून चोर पळत होता, तो बुडाला. पुढच्याच पानावर खरा नावाडी होडी वल्हवत येतो. देण्याआधी प्रत्येक पुस्तक मी स्वतः वाचते. तीन दिवस जीभ चावून बसलेय. खोटं म्हणावं तर शेवट फुटतो, गप्प बसावं तर तुमचा अभिप्राय खरा ठरतो!”

मी घरापर्यंत जवळजवळ धावतच गेलो. सासऱ्यांपुढे बसलो. “बाबा, नावाडी जिवंत आहे!” आणि त्यांना कोट, चोर, घाट सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “जावईबापू, छान रचलंत. पण ‘नाही अजून’ म्हणायचात ना रोज, तेही मला असंच खरं वाटायचं.”

माझ्या बावीस वर्षांत एवढा बिनतोड शेरा मी कुणाच्या कागदावर मारलेला नाही.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. रांगेतले चाळीस होते आणि रांगेत नसलेले पण मत असलेले आणखी वीस-पंचवीस. हिनं सासऱ्यांना पहिल्या ओळीत आणून बसवलं. त्यांना यायचं नव्हतं. ही म्हणाली होती, “बाबा, चला. यांना बोलताना ऐकू या.” हे ती कोणत्या अर्थानं म्हणाली, ते मी विचारलं नाही.

हेडमास्तरांनी माझी ओळख ‘निर्भीड समीक्षक’ अशी करून दिली. टाळ्या पडल्या. मी उठलो. खिशात तीन पानांचं भाषण होतं. त्यात मी मोठ्या खुबीनं लिहिलं होतं की, मृत्यू हा शब्द मी व्यापक अर्थानं वापरला होता. कागद उलगडला आणि समोर पाहिलं. सासऱ्यांनी मान किंचित माझ्याकडे वळवली होती. ज्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या बाजूनं ते बघत होते.

“मी हे पुस्तक वाचलेलं नाही,” मी म्हणालो.

मागून कुणीतरी हसलं. त्यांना ती सुरुवातीची कोटी वाटली.

“एकच पान वाचलं. तेही अर्धं. सात दिवस ते माझ्या कार्यालयाच्या खणात पडलं होतं. ज्यांना ते वाचून दाखवायचं होतं ते माझे सासरे रोज विचारत होते, आणि मी आलं नाही म्हणून सांगत होतो. मी कॅरम खेळत होतो.” मी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. “तुमच्यापैकी ज्यांचा शेवट मी फोडला त्यांची माफी मागतो. ज्यांनी अभिनंदन केलं त्यांचीही मागतो.”

हेडमास्तर छताकडे बघत होते. शब्दन् शब्द सहमत होणं अंगाशी आलं होतं. दातांचे डॉक्टर उठले. “मग नावाड्याचं काय?”

“नावाडी…” मी सुरुवात केली.

“सांगू नका!” मागून ग्रंथपालबाई ओरडल्या. त्यांच्यापाठोपाठ सगळा हॉल ओरडला, “सांगू नका!” मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे खरं सांगण्यासारखं होतं आणि पासष्ट माणसं मला गप्प करत होती.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून शिवणकाम करणाऱ्या एक बाई उठल्या. माझ्यानंतर खंड त्यांना मिळाला होता आणि तो त्यांनी पिशवीतून बरोबर आणला होता. “मी साठ पानांवर आलेय,” त्या म्हणाल्या, “पण दिवसभर मशीन चालवून रात्री डोळे चालत नाहीत. यांना एवढी लाज वाटतेय तर यांनी वाचावं की. मोठ्यानं. इथंच, सगळ्यांना. चाळीस आठवडे कोण थांबतंय?”

हे हेडमास्तरांना एकदम पटलं. काहीतरी पटवून घ्यायची त्यांना घाई होती. मतदान झालं. विरोधात एकही हात नाही, माझाही नाही. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, रोज पंचवीस पानं, सदतीस दिवस.

त्या सदतीस दिवसांबद्दल फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पहिल्या संध्याकाळी मी वाचायला लागलो, तर डॉक्टर म्हणाले, “पत्र वाचताय का राज्याचा इतिहास?” राणीचा आवाज मी राणीसारखा काढला, तर शिवणकामवाल्या बाईंनी नको म्हणून हात जोडले. कार्यालयातल्या कॅरम मंडळानं माझ्या जागी दुसरा जोडीदार घेतला. माझा घसा बसला, तेव्हा हिनं गरम पाणी करून दिलं. न बोलता दिलं, पण दिलं. आठव्या-नवव्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि मी ती कुणाला सांगितली नाही. दुपारी चारपासूनच मी घड्याळाकडे बघायला लागलो होतो. बोलणाऱ्या डोंगराचं पुढे काय झालं, ते मला कळायला हवं होतं.

सासरे रोज यायचे. पहिल्या ओळीत बसायचे, ऐकायचे आणि उठून जायचे. घरी येताना हिच्याशी धाकट्या राजपुत्राबद्दल बोलायचे. माझ्याशी थेंबांबद्दल. मधल्या तीन दिवसांत त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेवढे दिवस सगळ्या हॉलनं त्यांच्यासाठी वाचन थांबवलं. पट्टी निघाली, मग चष्मा आला. नावाड्याचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही.

छत्तिसाव्या संध्याकाळी आठशे सत्त्याण्णवावं पान आलं. ते येणार हे मला माहीत होतं, तरी शेवटची ओळ वाचताना माझा आवाज फाटला. ‘पहाटे नावाड्याचं प्रेत तिसऱ्या वेशीच्या घाटाला लागलं.’ माझ्यामुळे सगळ्यांना ते दीड महिना आधीपासून माहीत होतं, आणि तरी शिवणकामवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी पान उलटलं. कोट वाचला. चोर वाचला. मग धुक्यातून येणारा वल्ह्याचा आवाज वाचला, आणि घाटावरच्या माणसांना ‘कुणाला पलीकडे जायचंय?’ असं विचारणारा नावाडी वाचला. हॉलमध्ये एकच गलका झाला. डॉक्टर बाकावर मुठी आपटत होते. हेडमास्तर, मी म्हणतच होतो, असं शेजाऱ्याला सांगत होते.

सासऱ्यांनी माझ्यासमोर हात पुढे केला. “द्या बघू इकडे.”

मी पुस्तक दिलं. गलका थांबला. त्यांनी नवा चष्मा नीट केला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचायला लागले. मी बरोबर वाचलंय का ते तपासलं जात होतं, मी पुढे उभा होतो आणि सगळा हॉल बघत होता. त्यांनी एकदा वाचलं. मागचं पान काढून पुन्हा वाचलं. बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

मग त्यांनी पुस्तक परत माझ्या हातात ठेवलं. माझ्याकडे बघून नाही, पानाकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे.”

आणि जरा थांबून, “वाचा पुढे.”